न पचणारी साखर

“मुंगी बुडाली, बाई,” हौसाबाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांदेखत. वाटीत हिचं दूद घेतलं आन् मुंगी सोडली. दूद चांगलं असतं तर कडंला लागली असती.”

“म्हशीच्या दुधात सोडून पाहिलीत?” आईनं विचारलं.

“म्हशीच्या कशाला सोडू? म्हशीचं रेडकू दावं तोडतंय.”

आई हसली नाही. तिनं हातातली काचेची नळी नळ्यांच्या लाकडी घोडीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि एक स्टूल पुढं ओढलं.

“बसा.”

“बसाया न्हाई आलो. तुमी माझ्या ल्योकाम्होरं एकदा सांगा, हिच्या दुदात खोट हाय म्हनून. मग आमी जातो.”

लेक म्हणजे जालिंदर. तो टोपी हातात घेऊन दाराच्या चौकटीला टेकला होता. त्याच्या मागं व्हरांड्यात, उन्हात, त्याची बायको शालन उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. मूल हौसाबाईंच्या खांद्यावर होतं, मुलगा, जेमतेम दोन महिन्यांचा. रडतही नव्हता. त्याच्या दुपट्यातून दुधाच्या बाटलीचं रबरी बोंड बाहेर आलं होतं.

मी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसले होते. मला सातवा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी मी मिरजेला माहेरी आले होते. घरी एकटीला करमत नसे म्हणून आईबरोबर रोज तिच्या प्रयोगशाळेत येत असे. प्रयोगशाळा म्हणजे एका दवाखान्यामागच्या दोन खोल्या. तिथं एका द्रावणाचा असा उग्र वास असे की मला मळमळायचं; म्हणून माझी जागा खिडकीत.

आई डॉक्टर नव्हती. ती रसायनशास्त्र शिकली होती आणि बाळंतिणींच्या दुधातल्या साखरा तपासत होती. दुधात एक साधी साखर असते, ती बाळ पचवतं. पण तिच्याशिवाय आणखी पुष्कळ गुंतागुंतीच्या साखरा असतात. त्या बाळाला पचत नाहीत. जशा आत जातात तशा बऱ्याचशा पुढं सरकतात.

“मग आईचं शरीर त्या बनवतं कशाला?” मी एकदा विचारलं होतं.

“पोटात एकटं बाळ जेवत नाही, वसू. जंतूही मुक्कामाला येतात. त्यातल्या बऱ्यांना वाढायचं, वाइटांना दारातून परत लावायचं. एवढा स्वयंपाक त्यासाठी. असं मला वाटतं.” आणि लगेच, “सिद्ध झालेलं नाही.”

हे तिचं नेहमीचं वाक्य होतं. भाजीत मीठ कमी आहे असं अण्णा, माझे वडील, म्हणाले तरी ती तेच म्हणायची.

दुधातली साय काढायची, स्पिरिटनं त्यातला चोथा खाली बसवायचा, उरलेल्या पाण्याचा एक थेंब लांबट कागदाच्या कडेला ठेवायचा आणि कागद काचेच्या बंद पेटीत टांगायचा. वरून द्रावण कागदात झिरपत खाली उतरतं आणि जाताना साखरा बरोबर नेतं. लहान साखरा लांब जातात, मोठ्या मागं राहतात. मग कागद चांदीच्या पाण्यातून काढला की जिथं साखर असेल तिथं काळा ठिपका उमटतो. त्या पाण्यानं आईच्या बोटांची टोकं कायमची काळी झाली होती. हळदीकुंकवाला नव्या बायका तिच्या हाताकडं बघत राहायच्या.

दूध देणाऱ्या बाईचं नाव कागदावर कधी नसे. फक्त आकडा. कुणाचा कागद कसा आला हे आई त्या बाईलाही सांगत नसे. “हे औषध नाही आणि पत्रिकाही नाही,” म्हणायची.

शालनचा कागद कसा आला हे मात्र फुटलं होतं. वॉर्डातले तरुण डॉक्टर बिरनाळे यांनीच तिच्या दुधाची बाटली आणून दिली होती, त्यामुळे त्यांना आकडा माहीत होता. दोरीवर वाळत घातलेला तो कागद त्यांनी पाहिला. इतरांच्या कागदावर जिथं ठसठशीत ठिपका होता, तिथं शालनच्या कागदावर काहीच नव्हतं. मुलाला हगवण लागली म्हणून ती वॉर्डात होतीच. आधीचं एक मूल गेलेलं. बिरनाळ्यांनी दोन आणि दोन चार केले, अंगावरचं दूध बंद करायला लावलं आणि डब्यातली पावडर सुरू केली.

वॉर्डात डोकावले तेव्हा दूध बंद केल्याचं मला शालननं सांगितलं, मी आईला सांगितलं. वॉर्डात आईचा शब्द चालत नसे. ती फक्त म्हणाली, “तिच्याकडून सकाळ-संध्याकाळ नमुना आणत जा. भरपूर आण. दोन्ही बाजूंचा.”

“एक थेंब तर लागतो तुला.”

“आण म्हटलं ना.”

मी जड पोट सावरत वॉर्डात जायची, शालन पडद्याआड दूध पिळून द्यायची, मी ते आणायची. आणि आई ते मोरीत ओतून टाकायची. थेंबाथेंबासाठी बाटली खरवडणारी बाई. मला तिचा राग आला होता.

“बिरनाळ्यांना बोलावून आण,” आई आता मला म्हणाली.

ते आले तेव्हा हौसाबाई स्टुलावर बसल्या होत्या, पण अगदी कडेला.

“डॉक्टर, तुम्ही यांना काय सांगितलंत?”

बिरनाळ्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, मी एवढंच म्हणालो की एक घटक दिसत नाही. तुमच्याच कागदावर नाहीये तो.”

“नाहीच आहे.”

“मग फरक आहेच ना?”

“फरक आहे. खोट कुठं आहे?”

“आईक जालिंदर,” हौसाबाई मागं वळून म्हणाल्या. “न्हाई म्हनतायत त्या. त्यास्नी बी दिसलंय.” मग आईकडं वळल्या. “बाई, म्या शिकल्याली न्हाई. पर पयल्या नातवाला ह्या हातानं मूठमाती दिलीया. हिच्या अंगावर पीत हुता. दुसरी मूठ म्या देनार न्हाई. हिला मी मारीत न्हाई, उपाशी ठेवत न्हाई. तिच्या आईकडं धाडतो. लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल, बाटलीवर. पुढं जालिंदराचं काय करायचं ते आमी बगू.”

“पुढं म्हणजे दुसरं लग्न.”

“ते आमच्या घरातलं हाय.”

व्हरांड्यात शालन हलली नाही. तिच्या पोलक्यावर पुढं ओलं झालं होतं आणि ती दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून होती.

आईनं दोरीवरचा शालनचा कागद काढून टेबलावर पसरला. मग भिंतीतलं कपाट उघडून सगळ्यात खालच्या फळीवरून एक पाकीट काढलं. त्यातला कागद कडांना पिवळा पडला होता. तो तिनं शालनच्या कागदाशेजारी ठेवला.

“जालिंदर, आत या. बघा. दोन्हींत फरक सांगा.”

जालिंदर टोपी काखेत मारून वाकला. बराच वेळ बघत राहिला. “योक जुना हाय.”

“आणखी?”

“आनि काय न्हाई. दोन्ही कागदांवर हितं मोकळं हाय.”

“हा जुना कागद माझा आहे,” आई म्हणाली. “माझ्या दुधाचा.”

बिरनाळे पुढं झुकले. हौसाबाईंनी मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“ही माझी मुलगी तीन वर्षांची होती, तेव्हा मला मुलगा झाला. तो गेला.”

मी खिडकीपाशी बसले होते. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. घरात कुणी, कधीही, एका शब्दानं मला हे सांगितलं नव्हतं. अण्णांनी नाही, आत्यांनी नाही. मी एकुलती एक म्हणून वाढले होते आणि तसं लोकांना सांगतही आले होते.

“तो गेला तरी दूध येतच होतं. सासूबाई म्हणाल्या, भिंतीवर पिळून टाक, विषारी आहे, पोराला त्यानंच खाल्लं. मी ते बाटलीत भरलं आणि कॉलेजात घेऊन गेले. तिथं मी मुलांचे प्रयोग मांडून द्यायची. ही कागदाची पद्धत नुकतीच शिकले होते.”

“आन् काय निगालं?”

“ही जागा रिकामी निघाली.”

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला. “म्हंजे तुमची सासू खरं बोलली.”

बिरनाळे दचकले. आई नाही दचकली.

“मलाही तसंच वाटलं. बरीच वर्षं वाटत होतं. मग मी दुसऱ्या बायकांचं दूध गोळा करायला लागले. ब्राह्मणवाड्यातल्या, महारवाड्यातल्या, मोमिनांच्या, कोल्हाट्यांच्या, मिळेल तिथून. चार-पाच बायकांत एकीची ही जागा मोकळी निघते, हौसाबाई. त्यांची पोरं ह्या मागच्या मैदानात खेळतायत. आणि जिथं ठिपका होता, त्यांतल्याही काहींची गेली. एखादीच्या गालाला खळी पडते, एखादीच्या नाही पडत. ह्या ठिपक्याचं तसं आहे.”

“मॅडम, पण आतड्याच्या आजारात त्याचा काहीच संबंध नसेल असं तुम्ही म्हणू शकता का?” बिरनाळ्यांनी विचारलं. प्रामाणिकपणे विचारलं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

“नाही म्हणू शकत. असेलही थोडा. उद्या कुणीतरी शोधेल. पण ह्याच दुधात बाकीचे एवढे ठिपके आहेत, ते बघा. डब्याच्या पावडरीचा कागद काढून दाखवू? साधी साखर सोडली तर सगळा कोरा आहे. एक दिवा विझलाय म्हणून तुम्ही अख्खी आळी अंधारात घातलीत.”



“आणि ही,” आईनं पहिल्यांदा माझ्याकडं बोट केलं, “ही ह्याच दुधावर वाढली.”

हौसाबाई उठल्या. मूल खांद्यावर तसंच, माझ्यापाशी आल्या आणि बैल बघावा तसं मला खालून वर बघितलं. माझं मनगट दोन बोटांत धरलं.

“बारीक हाय.”

“बापावर गेलीय,” आई म्हणाली.

जालिंदरला हसू आलं. त्यानं ते टोपीत लपवलं.

“योक जगली, योक गेला,” हौसाबाई म्हणाल्या. “म्हंजे निम्मं निम्मं.”

“एका घरावरून काहीच सिद्ध होत नाही.”

“मग तुमाला ठावं तरी काय हाय, बाई? पोर कशानं गेलं ते ठावं न्हाई. माझा नातू कशानं गेला ते ठावं न्हाई.”

“ते नाही ठाऊक,” आई म्हणाली. “माझा मुलगा कशानं गेला ते मला मरेपर्यंत कळणार नाही. पण हे मूल बाटलीवर आल्यापासून वाळत चाललंय, हे मला दिसतंय. तुम्हालाही दिसतंय. तुम्ही मघापासून तीनदा त्याच्या टाळूवर हात ठेवलात.”

हौसाबाईंचा हात खरंच टाळूवर होता. तो त्यांनी काढला. आता त्या चिडल्या होत्या. मला वाटतं, खोलीत पहिल्यांदाच घाबरल्याही होत्या. आईला उत्तर देण्याऐवजी त्या माझ्याकडं वळल्या.

“आन् तू गं? तू ऐकलंस न्हवं सगळं? तुजा भाऊ गेलाय ह्या दुदावर. तुज्या बी अंगात तीच साखर मोकळी असंल. तू पाजशील पोटच्याला?”

आई मला वाचवेल असं मला वाटलं. हा प्रश्न बाजूला करेल, निदान माझ्याकडं बघेल. तिनं तसं काही केलं नाही. ती दोन्ही कागद सरळ करत राहिली. माझ्या पोटात बाळ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झालं.

“पाजीन,” मी म्हणाले.

“कागद मोकळा निगाला तरी?”

“तरी.”

“आन् गेलं तर?”

बिरनाळे म्हणाले, “अहो आजी, काय बोलता—”

“तुमी थांबा. म्या हिला इचारतो. गेलं तर?”

मी खुर्चीचा हात धरून उभी राहिले. बसून ते बोलता येईना.

“गेलं तर रडेन. पण ते माझ्या दुधानं गेलं, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. माझ्या सासूला नाही, डॉक्टरला नाही. तुम्हालाही नाही.”

 तेवढ्यात व्हरांड्यातून शालन आत आली. जालिंदरला तिनं हातानं बाजूला केलं, नवऱ्याला कुणी सून सासूदेखत असं करत नाही. ती हौसाबाईंसमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

“द्या.”

“शालन—”

“आत्ती, द्या त्याला. मला धाडायचं तर धाडा. आज न्हाई दिलंसा तर म्या हितनं उठनार न्हाई. आन् गेलं तर म्या बी ह्या ताईंवानीच बोलीन. सगळ्या गावाम्होरं बोलीन.”

हौसाबाईंनी दिलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांनी धरूनही ठेवलं नाही. शालन तिथंच फरशीवर, टेबलाच्या पायाला पाठ लावून बसली. मुलानं आधी तोंड फिरवलं. त्याला बाटलीच्या रबराची सवय झाली होती. तिनं दूध त्याच्या ओठांवर पिळलं, पुन्हा पिळलं. मग त्यानं धरलं. गिळल्याचा आवाज मला खिडकीपाशी ऐकू आला.

इतके दिवस तोंडी न लागलेलं दूध आटायला हवं होतं. आटलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही बाजूंचं, भरपूर, मी स्वतः आणत होते. मी आईकडं पाहिलं. ती मोरीकडं पाठ करून उभी होती.

“जालिंदर,” हौसाबाई म्हणाल्या.

“आँ?”

“पोरगी लेकराला पाजतीया. तुजं काय काम हाय हितं? भाईर थांब. दाक्तर, तुमी बी जावा.”

दोघं बाहेर गेले. हौसाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या, ह्या वेळी पूर्ण टेकून, आणि पदरानं मुलाच्या अंगावरची माशी वारत राहिल्या.

शालनचं मूल जगलं. तिला माहेरी धाडलं नाही. दूध पुन्हा सुरू केल्यानं ते जगलं का, असं मी आईला पुढं अनेकदा विचारलं. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, एवढंच ती म्हणायची.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना वाटेत मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“लहान होतीस.”

“आणि नंतर?”

“नंतर लग्न झालं तुझं. मधे वेळच सापडला नाही.” थोडं चालून म्हणाली, “तुझ्या आजीनं घरात बंदी केली होती. मी ती पाळायला नको होती.”

“नाव काय होतं त्याचं?”

“बारसं व्हायचं होतं.”

“तू काय म्हणायचीस?”

ती चालायची थांबली. “मुकुंद,” म्हणाली. ते नाव तिनं इतक्या वर्षांत मोठ्यानं उच्चारलं नसावं.

मला मुलगी झाली. माझं दूध आईनं तपासलं आणि कागद माझ्या हातात दिला. ती जागा माझ्या कागदावरही रिकामी होती. मुलीनं स्वतःहून सोडेपर्यंत मी तिला पाजलं.

आई ह्या थंडीत गेली. दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. क्रिया मी करणार म्हटल्यावर गुरुजी आधी का-कू करत होते, पण आले. आईचा पिंड झाला. अण्णांचा, आजी-आजोबांचा उच्चार झाला.

“आणखी कुणी?” गुरुजींनी विचारलं.

“मुकुंद. माझा धाकटा भाऊ.”

माझ्या आत्येभावानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“वय?”

“दात आले नव्हते.”

गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. “मग त्याला पिंड नसतो, ताई. इतक्या लहान मुलांना काही लागत नाही.”

“दूध लागतं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. तो नदीकडं बघत होता.

“मी बोलतेय, गुरुजी.”

“अहो, नुसतं दूध ठेवायचं तर त्याला मंत्र नाही.”

“मंत्र राहू द्या.”

मी वाटी काठोकाठ भरली आणि आईच्या पिंडाला लागून ठेवली.